आवाज विरतो ती दिशा

बसा, पण समोर नको, जरा बाजूला बसा. का ते सांगतो.

दादाच्या मालवाहू बोटीवरचं जुनं दिशाशोधक यंत्र काढायला मी गेलो होतो. आता जीपीएस सगळं आयतं सांगतो, मग हे धूड कोणाला हवंय? छपरावर धातूचं मोठं कडं, खाली ते फिरवायचं चाक आणि हेडफोन. किनाऱ्यावरचं केंद्र ठरावीक तालात आवाज पाठवायचं. चाक फिरवत राहायचं आणि आवाज जिथे विरेल, त्या रेषेत केंद्र. गंमत म्हणजे ते पुढे आहे की पाठीमागे, हे कड्याला कळत नाही. ते आपल्या अकलेने ठरवायचं.

भर दुपारी धुकं दाटलं होतं. केबिनमध्ये डिझेलचा आणि ओल्या दोरांचा वास कोंडला होता. विजेची तार तोडण्यापूर्वी मी सवयीने हेडफोन लावले. तीन लांब, एक आखूड.

हा त्याच केंद्राचा ताल. पण सरकारने ते केंद्र कधीच बंद केलं होतं. तिथला म्हातारा रखवालदार मात्र हट्टाला पेटला. जीपीएस न परवडणाऱ्या छोट्या बोटींसाठी तो हाताने बटण दाबून आवाज पाठवत राहिला. गेल्या वर्षी दादा तिथलं तांबं उचकटायला गेला आणि त्याच दिवशी म्हातारा जिन्यावरून पडून मेला. निदान दादा तसं म्हणाला होता.

मी चाक फिरवलं. आवाज विरला तो दारात उभ्या असलेल्या दादाच्या रेषेत.

"काढ ना ते! खेळत काय बसलायस?" म्हणत तो खिडकीशी गेला. आवाज परत सुरू झाला. पुन्हा फिरवलं, तर खिडकीपाशी विरला.

"दादा... जरा दाराशी जा बघू."

तो पांढराफटक पडला. "तीन लांब, एक आखूड... हो ना?"

हेडफोन तर माझ्या कानांवर होते.

"दादा, म्हातारा पडला होता ना?"

"हातोडीने हाणला मी त्याला. डोकं फुटलं तरी बटण सोडेना रे... तेव्हापासून ऐकतोय मी."

त्याने माझ्या पेटीतली हातोडी उचलली आणि यंत्राच्या ठिकऱ्या केल्या. काच त्याच्या मनगटात घुसली, रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली.

"अजून येतोय!" तो ओरडला आणि हातोडी स्वतःच्या कानशिलावर घातली. मी हात धरला, तर त्याने माझी बोटं ठेचली. ही बघा. मी गयावया करत होतो आणि तो घाव घालत होता. तीन जोरात, एक हलका. हाडाचा आवाज झाला तरी तो थांबला नाही. मला लहानाचं मोठं केलेला माझा भाऊ माझ्या मांडीवर गेला.

तेव्हापासून तो आवाज मला येतो, नुसत्या कानांनी. मान फिरवली की कुठेतरी विरतो, पण पुढे की पाठीमागे, ते त्या कड्यासारखं मलाही कळत नाही. मघाशी तुम्ही समोर होतात, तेव्हा तुमच्याकडे पाहिलं की विरत होता. म्हणून तुम्हाला बाजूला बसवलं.

पण तुम्ही सरकलात, तरी तो अजून तिथेच विरतोय... त्या रिकाम्या खुर्चीच्या रेषेत. आणि खुर्चीत तर कोणीच नाही.

तुम्हीच सांगा, माझ्या मागे भिंतच आहे ना?