फळ : पाहण्यात आलेले नाही

शंखोटी बेटावरच्या प्रयोगशाळेत एक टेबल, दोन खुर्च्या, एक सूक्ष्मदर्शक आणि तीन मते होती. तिसरे मत हिराजी तांडेलांचे. ते राखणदार असल्यामुळे त्यांच्या मताला खुर्ची नव्हती.

प्रश्न होता एका झाडाचा. इसवी सन २०७१ मध्ये साऱ्या पृथ्वीवर त्या जातीचे ते एकच झाड उरले होते आणि तेही नर. सगळे त्याला ‘बुवा’ म्हणत. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. सुलभा खोपकर यांनी त्याचे वर्णन अकरा वर्षांपूर्वीच लिहिले होते. उंची चौदा मीटर. साल तांबूस, कागदासारखी सुटणारी. पान चामड्यासारखे जाड, खालून रुपेरी. फुले पिवळट, झुपक्यांनी येणारी, फक्त पुंकेसर असलेली. शेवटची ओळ मात्र दरवर्षी तीच राहत आली होती. फळ : पाहण्यात आलेले नाही.

येत्या मार्चअखेर ही ओळ बदलली नाही, तर जात ‘व्यवहारतः नष्ट’ ठरणार होती, बेटाचे संरक्षण उठणार होते आणि बुवांच्या जागी हेलिकॉप्टर उतरवण्याचा चौथरा बांधला जाणार होता. चौथऱ्याची कोनशिला आधीच येऊन पडली होती. हिराजी तिच्यावर बोंबील वाळवत.

आठ जानेवारीला सकाळी सुलभाबाई बशीत एक फूल घेऊन आत आल्या आणि त्यांनी ते रसायनतज्ज्ञ डॉ. भाटवडेकरांच्या पुढे ठेवले.

भाटवडेकरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तो बराच वेळ हलवलाच नाही. “हे बुवांचं फूल नव्हे.”

“मी माझ्या हातानं तोडलंय.”

“बाई, याच्या पोटात बीजकोश आहे. हे मादीचं फूल आहे!”

“म्हणूनच बशीत आणलं. नाहीतर खिशात आणलं असतं.”

भाटवडेकरांचा चेहरा उजळला. त्यांनी खिडकीबाहेर, बुवांच्या बुंध्याशी उभ्या असलेल्या हिरव्या पेटीकडे पाहिले. तो त्यांचा गंधप्रेषक. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर चिकटवून ठेवलेल्या मादीच्या वाळक्या डहाळीवरून त्यांनी मादीचा गंध पुन्हा रचला होता. या जातीची झाडे एकमेकांना वासाने ओळखतात, तेव्हा जोडीदारीण जवळ आहे असे वाटले तर बुवा जोमाने फुलतील, असा हिशेब होता. बुवा आयुष्यात पहिल्यांदा फुललेही. अकरा वर्षांचे पराग परागपेढीत गोठवलेले होते. ते कुणाला द्यायचे, एवढाच प्रश्न उरला होता.

“यंत्रानं चमत्कार केला!” भाटवडेकर म्हणाले.

“सायेब,” दारातून हिराजी म्हणाले, “यंत्र बंद आहे.”

“कधीपासून?”

“गेल्या शिमग्यापासून.”

भाटवडेकरांनी नोंदवही उघडली. “अहो, रोज ‘यंत्र चालू’ असं लिहिलंय इथं!”

“ते लिहायचंच असतं ना? बंद असलं तर काय लिहायचं, ते तुम्ही कुठं सांगितलंत?”

“पण बंद केलंत का, हिराजीभाऊ?” सुलभाबाईंनी हळूच विचारले.

हिराजींनी टोपी काढून हातात घेतली. “आमची मंडळी गेली तेव्हा मंजू चार वर्षांची होती. मी तिला सांगत राहिलो, आई गावाला गेलीय. पोर रोज जेट्टीवर जाऊन बसायची. दोन वर्षं. शेवटी खरं सांगितलं. पोट भरून रडली. दुसऱ्या दिवशी फणी घेऊन आली, म्हणाली, ‘बाबा, मग वेणी तुम्हीच घाला.’” त्यांनी खिडकीतून झाडाकडे पाहिले. “हा पण तसाच बसलेला दिसायचा मला. येणाऱ्या बाईचा वास, आणि बाई काय येत नाही. म्हटलं, याला कुणीतरी खरं सांगायला पाहिजे.”

सुलभाबाई एकदम खुर्चीत बसल्या.

“भाटवडेकर, काही मासे असंच करतात. कळपातली मादी मेली की सर्वांत मोठा नर मादी होतो. ती जिवंत आहे तोवर नरच राहतो. या झाडाचंही तसंच असेल तर?”

“तर मादीचा वास येतोय तोवर हा नर राहणार.” भाटवडेकरांचा आवाज उतरला. “म्हणजे अकरा वर्षं याला मीच…”

“आपण. नोंदवहीवर दर महिन्याला माझी सही आहे.”

“पण आता नर कुठून आणायचा?”

“आपल्या पेढीत अकरा वर्षांचा नर आहे की! स्वतःचाच पराग स्वतःला. काही पपयांना चालतं, याला का चालू नये?”

त्या आठवड्यात हिराजी कमरेला दोर बांधून बुवांवर चढले आणि उंटाच्या केसांच्या कुंचल्याने एकेका फुलाला पराग लावून आले. बाई खालून ओरडून सूचना देत होत्या. भाटवडेकर शिडी धरून उभे होते. हे काम त्यांनी मागून घेतले होते.

फेब्रुवारीत फळे धरली. एकोणीस मार्चला मुख्यालयाचा उडता निरीक्षक-ड्रोन येऊन ती मोजून गेला. एकतीस. बेट वाचले.

पाठोपाठ मुख्यालयाचा आदेश आला. गंधप्रेषकाच्या अपूर्व यशाबद्दल डॉ. भाटवडेकर यांचे अभिनंदन. अशीच सहा यंत्रे सोबत पाठवीत आहोत. ती तत्काळ चालू करून तसे कळवावे.

“चालू केली तर बुवा पुन्हा नर होतील,” सुलभाबाई म्हणाल्या. “कच्ची फळं गळतील. आणि खरं कळवलं तर आधी हिराजींची नोकरी जाईल.”

भाटवडेकरांनी अभिनंदनाचे पत्र दोनदा वाचले. मग घडी घालून खुर्चीच्या लंगड्या पायाखाली सारले आणि नोंदवही पुढे ओढली. सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिले : सातही यंत्रे चालू.

“आता जमलं तुम्हाला, सायेब,” हिराजी म्हणाले.

यंत्रांच्या पेट्या रिकाम्या करून त्यांत माती भरली गेली. पावसाळ्याअखेर सतरा रोपे उभी राहिली. बुवा आता मादी, तेव्हा त्यांच्याजवळची सारी नर होणार, हे ठाऊक होते. म्हणून एक रोप हिराजींनी डोंगरापलीकडे, जिथे बुवांचा वास पोहोचत नाही अशा जागी, एकटे लावले.

सुलभाबाईंनी वर्णनाची वही काढली. फळ : लंबगोल, पिकल्यावर जांभळे, एकबीजी. मग लेखणी थांबली.

“हिराजीभाऊ, आता याला बुवा म्हणायचं की दुसरं काही?”

“बुवाच म्हणा, बाई. एवढी वर्षं वेण्या घातल्या, तरी मंजू मला बाबाच म्हणते.”