उरलेली सर्व मिळकत

आईने घर एकगठ्ठा दिलं नव्हतं, खोलीखोलीने दिलं होतं. मृत्युपत्र करताना वकीलबाईंनी समजावून पाहिलं, की ‘राहतं घर’ एवढे दोन शब्द पुरतात. पण कापडाच्या दुकानात साठा सांभाळण्यात जन्म गेलेली आई ऐकेना. “द्यायचं ते नाव घेऊन द्यावं,” म्हणाली. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, दोन झोपायच्या खोल्या, न्हाणीघर, जिना, गच्ची, सगळं सामानासकट मुलाला. आणि ‘उरलेली सर्व मिळकत’ धाकट्या मुलीला.

“उरतंय काय मग?” वकीलबाईंनी चष्म्यावरून विचारलं होतं.

“उरेल,” आई म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

आता ती गेली होती. अंमलबजावणी वकीलबाईंच्या गळ्यात होती, आणि मुलाने, म्हणजे दादाने, घराला गिऱ्हाईकही आणलं होतं. गिऱ्हाइकाला नकाशा हवा, म्हणून त्या दुपारी मोजणीदाराला घेऊन वकीलबाई आल्या. नोकरी सोडून आईचं सगळं आजारपण काढलेली धाकटी स्वयंपाकघरात बॅग भरत होती. या महिन्यात तिला घर सोडायचं होतं, आणि जायला जागा नव्हती.

“तुझं उरलंसुरलं नीट शोधून ने हो,” दादा म्हणाला. “माळ्यावर बघ, एखादं झाकण वगैरे असेल.”

“तुझ्या डोक्याला बसेल असं मिळालं तर ठेवून जाईन,” धाकटी म्हणाली. मान वर केली नाही.

मोजणीदाराने आतल्या खोल्या मोजल्या, भिंतींची जाडी धरली, मग बाहेरून घर मोजलं. परत आला तो कपाळाला आठ्या घालून. फीत बदलली, पुन्हा मोजलं.

“बाई, हे जुळत नाही. बाहेरून घर मोठं भरतंय.”

“किती?”

“खोलीभर. चांगली ऐसपैस.”

“तुमचं गणित कच्चं आहे,” म्हणत दादाने स्वतः फितीचं टोक धरलं. तिसऱ्यांदाही तेच आलं.

फरक स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामध्येच पडत होता. तिथे भांड्यांचं उंच कपाट होतं. वकीलबाईंनी कपाटाशेजारच्या भिंतीला हात लावला. ऊन घराच्या पुढच्या बाजूला होतं, पण भिंत कोमट होती, कोणी पाठ टेकून नुकतंच उठावं तशी.

“कपाट ओढा,” त्या म्हणाल्या.

मागे दार होतं. रंग इतर दारांचाच. मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. कपाट जिथे उभं होतं, नेमकी तिथेच फरशीवर दार उघडून उघडून उमटलेली गोल रेघ होती.

धाकटीने मूठ फिरवली. कुरकुर न करता दार उघडलं.

आत केर काढलेला होता. खाट, घडी घातलेलं अंथरूण, पाण्याचा भरलेला तांब्या, त्यावर पेला. खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता. वकीलबाईंनी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. धूळ नव्हती. तांब्यातलं पाणी हलकेच हलत होतं.

दादा उंबऱ्याबाहेरच थांबला.

“ही खोली नव्हती,” तो म्हणाला. “मी या घरात लहानाचा मोठा झालोय. ही नव्हती.”

वकीलबाईंचं डोकं मात्र आपल्या सवयीनेच चालत राहिलं.

“नीट सांगा. आईने तुम्हाला दिलेल्या खोल्यांत ही नाही?”

“कशी असेल? नव्हतीच म्हणतोय ना.”

“लिहून द्याल?”

“शंभरदा देईन. पण आधी बाहेर चला.”

अंगणात मोटारीच्या टपावर कागद ठेवून त्याने सही केली. मोजणीदाराने साक्ष घातली. वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं, अगदी सावकाश.

“मग ती उरलेल्यात आली, दादा. म्हणजे धाकटीची. आणि तिथे जायची वाट तुमच्या स्वयंपाकघरातून आहे. ती तुम्हाला अडवता येणार नाही.”

धाकटी पायरीवर बसून हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बॅगेतलं सामान तिने तिथेच उपसलं.

गिऱ्हाईक त्याच दिवशी फिरलं. दादा पुन्हा त्या घरात पाऊल टाकायला तयार होईना. बाकीच्या खोल्याही त्याने बहिणीच्या नावे करून टाकल्या. इतकं निर्भेळ जिंकणं वकीलबाईंच्या वाट्याला फार दिवसांत आलं नव्हतं. शेवटच्या पोचपावतीवर सही घ्यायला त्या पेढीतल्या कारकुनाला न पाठवता स्वतः गेल्या.

घरभर नवे पडदे होते. धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. स्वयंपाकघरात तिने तीन कप चहा ओतला.

“मी एकच घेते गं,” वकीलबाई म्हणाल्या.

“हो, एकच दिलाय.”

तिसरा कप घेऊन ती त्या उरलेल्या खोलीत गेली, रिकाम्या हाताने परत आली, समोर बसली आणि पेन मागितलं.

आतून आवाज आला. कपात चमचा फिरत होता, हळूहळू, साखर विरघळेपर्यंत.

धाकटीने मान वर न करता हात लांबवला, दार अलगद ओढून घेतलं आणि सही पुरी केली.