फक्कीचं घर

दुपारचं जेवण उरकून सगळा गाव दारं-खिडक्या लावून आडवा होतो, नेमक्या त्याच वेळी बेनितामावशी जमीन दाखवायला उन्हात निघाली. गिऱ्हाईक व्हालेन्सियाचं. शहरी माणसांना कुठली आलीय वामकुक्षी!

प्लॉट गावाबाहेर, बदामाच्या बागेखाली. मावशीचा नवरा फर्मीन गवंडी होता. त्यानं तिथं चुन्याची फक्की मारून दोघांचं घर आखलं होतं. इथं स्वयंपाकघर, तिथं निजायची खोली, दार रस्त्याकडे. पाया खणायच्या आधीच गेला बिचारा. फक्की पहिल्याच हिवाळ्यात वाहून गेली. मावशी मात्र रोज बागेतल्या पायवाटेनं तिथं उतरायची, धोंड्यावर बसून म्हणायची, "एकदा तरी दिस रे." तो कधी दिसला नाही. आज सौदा ठरला की तिची रवानगी मुलीकडे, झारागोझाला. आणि इथं जेसीबी. मग कुठला फर्मीन!

दलाल किनो रस्त्यावर गाडीला टेकून उभा होता. "मावशी, तोंड जरा हसरं ठेवा की. जमीन विकायला आलोय, मयताला नाही!"

"गप रे मेल्या. कुठाय ती व्हालेन्सियाची बाई?"

"आत फिरतेय."

नुरिया नावाची ती तरुण बाई खरंच फिरत होती, पण कशी? मोकळ्या रानात सरळ चालायचं सोडून काटकोनात वळत होती. एकदा तर हवेत हात टेकवून उभी राहिली.

नुरिया हसत रस्त्यावर आली. "आत काय गार आहे हो! पण तुमचे गवंडीकाका रागावलेत तुमच्यावर."

"क... कोण?"

"ज्यांनी दार उघडलं ते. म्हणाले, बेनिताला सांग, रोज भिंतीतून येतेस... दारातून आलीस तर दिसेन ना मी. मला तर काही कळलं नाही बाई."

किनोचं हसू मावळलं. "नुरिया... तिथं घर कुठाय?"

तिनं मागं वळून पाहिलं. नुसतं वाळलेलं गवत. ती पटकन किनोच्या मागं सरली.

"अगं बाई! खरंच की!" मावशीनं कपाळावर हात मारला. बागेतली पायवाट थेट निजायच्या खोलीच्या भिंतीतून उतरत होती. गवंड्याची बायको, आणि इतकी वर्षं दार चुकली! ती हसली, हसता हसता रडली, आणि रस्त्यानं वळून दार आखलं होतं तिथं जाऊन उभी राहिली. त्या गावात कुणी दार वाजवत नाही, उंबऱ्यातून हाक मारतात. तिनं मारली.

"कुणी आहे का घरात?"

"मावशी... नका... मागं फिरा..." किनो पुटपुटला.

"ये की," आतून आवाज आला. "कॉफी निवतेय."

मावशीनं पाऊल टाकलं. ऊन विझलं. जाड भिंतींचा गारवा अंगाला लागला, ओल्या चुन्याचा वास आला. किनोच्या हाका भिंतीपलीकडून आल्यासारख्या बारीक झाल्या. चुलीपाशी फर्मीन पाठमोरा उभा होता. तेच वाकलेले खांदे, तीच चुन्यानं पांढरी मान. किती वर्षं आसुसली होती ती या मानेसाठी!

"फर्मीन... बघ ना रे इकडे."

तो वळणार, एवढ्यात तिच्यामागं दार लागलं. बाहेरून कडी सरकली.

फर्मीन वळलाच नाही. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"बेनिता... या दाराला मी बाहेरून कडी बसवलीच नव्हती गं..."