खांद्यावरचा हात

शिवत्या, मोबाईल ठेव खाली. भूत आलं तरी आधी त्येचा फोटू काढशील तू. ही गोष्टबी फोटूचीच हाय. खरी हाय. माझ्या दोस्ताची, सयाजीची.

सयाजीचा बाप भाऊसो झांबियात तांब्याच्या खाणीत फोरमन व्हता. बायको-पोरगं तिकडंच. बंगला, दारात मोटार, कडंला आंब्याचं झाड, समदं फोटूत हाय, दोन अल्बम भरून. भाऊसोनं गावातनं केरबाला नेला, रंगुबाईचा एकुलता एक. सयाजीच्या दहाव्या वाढदिसाला सकाळी सगळ्यांचा फोटू निघाला. दुपारची पाळी भाऊसोची, पर त्यो पोरासाठी घरी थांबला आन् केरबाला खाली धाडलं. दरड कोसळली. मढंबी वर आलं न्हाई.

गावाला आल्यावर भाऊसोनं रंगुबाईला सांगितलं, केरबानं तिकडंच बाई केली, आता काय येत न्हाई. सयाजी शेजारी हुबा व्हता. त्यो गप बसला, आन् मग जलमभर गपच. म्हातारीनं ना दिवस घातले, ना कावळ्याला घास ठेवला. रोज दोघांच्या भाकरी थापायची.

गेल्या साली भाऊसो गेला. ह्या पौषातली वद्य सप्तमी, बेस्तरवारची रात. दुसऱ्या दिशी वर्षश्राद्ध. भिंतीला लावायचा मोठा फोटू आणाय सयाजी विट्याला गेलता. बापाचा धड फोटू एकच, त्या वाढदिसाचा. त्यात केरबा त्येच्या खांद्यावर हात टाकून हसतोय. सयाजीनं केरबाला कापाय सांगितलं. स्टुडिओवाला म्हणाला, खांद्यावरचा हात दोनदा पुसला, छापला की परत येतोय, उद्या या. उद्या कुठला?

"असू दे," सयाजी म्हणाला. "हाराखाली झाकंल."

माणूस काय बोलून गेला, बघा.

येताना रंगुबाईच्या दारात बल्ब पेटलेला. म्हातारी उंबऱ्यात बसलेली. म्होरं दोन ताटं. एक तिचं. दुसरंबी... जेवून झालेलं.

"सयाजी, केरबा आलता रं."

ह्येनं गाडी थांबवली, पर उतरला न्हाई.

"लय वाळलाय. डाव्या हातानं जेवला. उजवा... न्हवताच."

तिनं दुसरं ताट म्होरं सारलं.

"इचारलं, हात कुठं रं? म्हणाला, सयाजीकडं हाय, घिऊन येतो."

सयाजीच्या काखेत कागदात गुंडाळलेला फोटू. तिनं त्येच्याकडं बघितलं.

"तुला ठावं असंल. माझा केरबा हाय... का न्हाई?"

सांगायचं व्हतं. आत्ताच.

"काकी... उद्या सांगतो."

गाडीला किक मारली. घर गाठलं. कागद फाडला.

भाऊसो हसतोय.

खांदा रिकामा.

सयाजी तसाच माघारी पळाला. अनवाणी. रडत. "काकी, केरबा मेला! माझ्या वाढदिसापायी मेला!"

म्हातारी तिथंच बसलेली. उंबऱ्यात. त्येनं हात लावला...

गार.

आजबी दारू न पिता रडतोय गडी. त्या रातीला उद्या म्हणालो न्हसतो तर, एवढंच म्हणतोय.

सकाळी आमीच तिला उचलली. मी सोता बघितलं. खांद्यावरच्या पदराला चार बोटांच्या चुण्या पडल्या व्हत्या, कुणी घट्ट धरल्यागत. ते लुगडं सयाजीनं ठेवून घेतलं. तीनदा धुतलं, वर इस्त्री फिरवली.

चुण्या तशाच हायत.