नाझारेनोचा दिवा

माझं कुणीच खरं मानलं नाही. डॉक्टरनं नाही, पाद्रीनं नाही, सख्ख्या बहिणीनंसुद्धा नाही. "अर्जिया, चौथी शिकलेली तू, गाणाऱ्या बायांच्या झग्यांचे बंद आवळणारी. तुला काय कळतंय?" असू दे. विंगेत मी उभी होते, ते नव्हते.

आमच्या इझोलिनाबाईंचा आवाज म्हणजे सोनं. मिलानपासून लिस्बनपर्यंत लोक त्यांच्यावर फुलं उधळायचे. पण शब्द काही त्यांच्या डोक्यात टिकायचे नाहीत. सगळी मदार म्हाताऱ्या नाझारेनोवर. तो त्यांचा प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीतल्या खोक्यात बसायचा आणि प्रत्येक ओळीच्या आधी तिचा पहिला शब्द फेकायचा. खोक्यातला दिवा तोच लावायचा, तोच मालवायचा. आमच्या थिएटरात रीतच तशी. ज्यानं लावला त्यानंच मालवायचा, आणि दिवा जळतोय तोवर प्रॉम्प्टरनं जागा सोडायची नाही.

त्या रविवारी दुपारचा खेळ होता. मी राणीच्या झग्याला इस्त्री करत होते. मॅनेजर कोर्राडो बेनासी आत आला, दार लोटून घेतलं.

"नाझारेनो सकाळी गेला. बाईंना कळता कामा नये."

"अहो, मग शब्द कोण देणार?"

"आयत्या वेळी माणूस कुठून आणू? थिएटर गच्च भरलंय. समोरच्या झोतात तिला खोक्यातला माणूस दिसतो थोडाच! दिवा दिसला की धीर येतो. गाईल."

"मेलेल्याच्या जागी दिवा लावणार? लाज कशी वाटत नाही?"

"लावलासुद्धा. तोंड उघडलंस तर उद्यापासून घरी बस."

तरी मी बाईंकडे धावले, सांगून टाकलं. बाई आरशातूनच हसल्या. "खुळे, आत्ता तर त्याचा खोकला ऐकला मी. खालून."

एक शब्द चुकला नाही त्यांचा. मी विंगेतून वाकून पाहिलं. दिवा. रिकामी खुर्ची. आणि नाझारेनोच्या काळ्या चिरुटाचा वास, ओला, मातीसारखा...

खेळाच्या शेवटी बाईंची राणी विष पिऊन पडते. पडदा पडला, टाळ्यांनी छत हललं, बाई उठेनात. डोळे खोक्याकडे.

"बाई, संपलं... उठा ना..."

त्यांनी मान कलती केली. थांबल्या. मग म्हणाल्या, "उठते."

मी खोक्यात उतरून दिवा विझवला. वळते तो पुन्हा लागलेला. बल्बच काढून घेतला. अजून माझ्या ट्रंकेत आहे तो. तरी खोक्यात उजेड होताच. बेनासीच्या हातापाया पडले, "तुम्ही लावलात, तुम्हीच मालवा." त्यानं खोक्यावर फळ्या ठोकून घेतल्या. फटींतून उजेड येतो.

बाई आता माझ्याकडे असतात. गाणं सुटलं. "सूप घेता?" विचारलं तरी आधी जमिनीकडे कान लावतात, मग "घेते." स्वतःचा एक शब्द उरला नाही त्या बाईजवळ. मी नुसती चमचा धरून बसते. आणखी काय करू?

गेल्या महिन्यात बेनासीला पुरलं. काल मला राहवलं नाही. फरशीवर गुडघे टेकून ओरडले, "नाझारेनो, सोड रे तिला!"

बाईंनी कान दिला. कितीतरी वेळ. मग घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "लावणाऱ्याला सांग, मालव म्हणून."

"तो मेला... तो कसा येणार?"

पुन्हा कान.

"मी नाही आलो? बोलव."

चिरुटाचा वास सुटला. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. हाक मी नाही मारली. बाईंनीच मान वर केली आणि दाराकडे पाहत, भर स्टेजवर घ्यावा तसा सूर लावला, "कोर्राडो बेनासी..."