चमच्याची अंगठी

मेणावर बोट उमटलं, तर चांदीतही उमटतं.

तेराव्या वर्षापर्यंत धाकटीला स्वतःची वेणी घालता येत नव्हती.

कात्रीने अंगठा कापला, तर व्रण आडवा राहतो.

एका छोट्या चमच्यात एकच रुंद अंगठी होते, तीही जपून ओतली तर.

धाकटी आता सहासष्ट वर्षांची होती. आई नसलेल्या घरात ताईने तिला ज्या चांदीच्या चमच्याने भरवलं, तो घेऊन ती ओतारीकडे शिकायला गेली. ओतारी वीस वर्षांनी लहान, तरी ती त्याला गुरुजी म्हणायची.

“मावशी, तयार अंगठी घ्या की. या वयात कशाला हात पोळून घेता?”

“तयार वेणीवर बालपण काढलंय, गुरुजी. एक तरी गोष्ट माझ्या हातची होऊ दे. ताईसाठी.”

ती मेणाची अंगठी कोरायला शिकली. ती ओल्या प्लास्टरमध्ये पुरायची. भट्टीत मेण जळून जायचं. मग उरलेल्या पोकळीत चांदी ओतायची. पहिली अंगठी पाण्यात चर्र करून विझली. आतल्या बाजूला अंगठ्याचा ठसा होता.

“मेणाला बोट लावलंत. सगळे नवखे लावतात.”

चांदी पुन्हा मुशीत गेली. दर खेपेला ती थोडी घटत होती आणि दुसरी मिसळायला धाकटी तयार नव्हती. या वेळी तिने हातमोजे घातले. ओतारीने मेण भिंगातून तपासलं; ते स्वच्छ होतं.

चांदीत ठसा पुन्हा आला. त्यात एक आडवी रेघ होती. धाकटीने स्वतःचा अंगठा खिडकीच्या उजेडात धरला. रेघ नव्हती.

“आता मेण मी कोरतो,” ओतारी म्हणाला. “तुम्ही तिकडे बसा. चांदी एवढीच उरलीय. ही बिघडली, तर पुढे अंगठी व्हायची नाही.”

ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

त्याने ओतलं. प्लास्टर पाण्यात सुटलं. मग तो बराच वेळ भिंगातून पाहत होता.

“तुमचा नाही. माझाही नाही.”

“व्रण आहे?”

“आडवा. पण मावशी, हा म्हातारीचा अंगठा आहे. कातडी सुरकुतलीय. रेघा झिजल्यात. सत्तरी उलटलेली असणार.”

“बहात्तर,” धाकटी म्हणाली. “सहा वर्षांनी मोठी ती. माझ्या फ्रॉकचं काज करताना कापला होता.”

ओतारीने कानस उचलली. “आतून घासून देतो.”

“राहू दे.”

तिने अंगठी बोटात सरकवली. गार पाण्यातून काढलेली, तरी कोमट होती. रस्ता ओलांडताना धरावं, तसं तिने बोट धरलं.

“थकलीस गं,” धाकटी अंगठीला म्हणाली. “माझ्यापायी.”

ताई गेली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती.