पहिल्या पानावरचं वाक्य

"मॅडम, लेखिकाबाईंचं ते संकेतस्थळ तुम्हीच चालवता ना?"

ग्रंथालयाच्या काउंटरसमोर एक किडकिडीत, उंच गृहस्थ उभे होते. आज माझी सत्तरी उलटली, तरी त्यांच्या चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली दांडी डोळ्यांसमोर आहे. मी तेव्हा अठ्ठेचाळीसची, बिनलग्नाची ग्रंथपाल. माझ्या लाडक्या लेखिकेनं इंटरनेटवर लिहिलेलं अक्षर न् अक्षर आणि तिच्या सगळ्या मुलाखती मी त्या संकेतस्थळावर जमवायचे. ताई म्हणायची, "एवढ्या वेळात तुझे तीन संसार झाले असते!"

"मीच चालवते. काही चुकलं का?"

"पहिल्या पानावरचं वाक्य त्यांचं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'आपली वाट पाहणारं कुणी नसलं, की उशीरसुद्धा होत नाही.' आई गेल्यावर याच वाक्याला धरून मी उभी राहिले होते. त्याखाली जगजाहीर लिहिलंही होतं – 'सहा वर्षं मी या वाक्याच्या प्रेमात आहे.'

"मग कोणाचं?"

ते खाकरले. "माझं... रेडिओवर त्यांची मुलाखत मी घेतली होती. ते माझ्या प्रश्नातलं वाक्य. वर्तमानपत्रानं छापताना त्यांच्या उत्तरात घातलं."

आणि मी कात्रणावरून तसंच उतरवलं! त्यांनी खिशातून कॅसेट काढली. आतल्या खोलीत आम्ही ती लावली. एक तरुण, अडखळता आवाज माझं वाक्य बोलत होता... आणि लेखिका खळखळून हसली, "छे हो! मला तर रोज उशीर होतो."

मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"राहू द्या तसंच," ते म्हणाले. "त्यांच्या नावावर शोभतंय."

"संग्रहात खोटं चालत नाही. पण नाव बदललं, तर लोक वाचतील की सहा वर्षं मी तुमच्या..."

"माझ्या?"

"—वाक्याच्या!"

"मग खालची ओळ काढा. सोपं आहे."

मी संगणकापुढे बसले. लेखिकेचं नाव पुसून त्यांचं घातलं. खालच्या ओळीशी मात्र बोट थबकलं. ताई वाचणार, शे-दोनशे वाचक वाचणार... एक कळ दाबली की सुटका. मी हात मांडीवर घेतला.

"काढत नाही?"

"तिच्यात चूक नाही."

ते चष्म्याच्या दोऱ्याची गाठ चाचपत राहिले.

"माझ्याकडे अशी आणखी दोन-चार वाक्यं आहेत," ते म्हणाले. "ऐकवायला कधी येऊ?"

"ग्रंथालय सहाला बंद होतं," मी म्हणाले. "साडेसहाला या."